४० किलोमीटर एका तासाच्या आत: टाइम ट्रायलच्या नोंदी

९ जानेवारी

काल ४० किलोमीटरची सायकलची टाइम ट्रायल झाली, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची शर्यत. वेळ १ तास ५ मिनिटं २० सेकंद, म्हणजे ताशी ३६.७ किलोमीटर. सरासरी पॉवर, म्हणजे पॅडलवर लावलेली ताकद, २३८ वॅट. साधी रोड बाइक, हँडलला अडकवलेले एरोबार (पुढे झुकून कोपरं टेकवायच्या दांड्या), अंगात रोजची जर्सी.

हेच अंतर तासाच्या आत कापायचं आहे. त्यासाठी या नोंदी.

पॉवरचा आलेख बघून वाईट वाटलं. पहिली पाच मिनिटं २८७ वॅट, शेवटची दहा मिनिटं २१४. सुरुवातीला पाय हलके असतात, मागचा स्वार मिनिटभराने सुटणार हे डोक्यात घोळत असतं आणि माणूस उधळतो. त्या पाच मिनिटांत कमावलेले सेकंद शेवटच्या दहा मिनिटांत व्याजासकट परत केले. शेवटी तर एरोबार सोडून वर उठून बसलो होतो, कारण कमरेत वाकवेना.

१२ जानेवारी

आज फक्त आकडेमोड.

सपाट रस्ता, वारा नाही असं धरलं तर ताकद मुख्यतः दोन ठिकाणी खर्ची पडते: हवा बाजूला सारण्यात आणि टायर दबून पुन्हा फुगण्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे त्यासाठी लागणारी पॉवर घनाने वाढते. टायरची पॉवर वेगाच्या सरळ प्रमाणात. माझं आणि सायकलचं मिळून वजन ८२ किलो. परवाच्या वेगावरून उलटं गणित मांडलं तर माझा सीडीए ०.३०५ चौरस मीटरच्या आसपास येतो. सीडीए म्हणजे समोरून दिसणारं क्षेत्रफळ गुणिले आकाराचा गुणांक. हवेच्या लेखी आपण केवढे आहोत, ते.

काहीही न बदलता ताशी ४० ने जायचं तर २९९ वॅट लागतील. वेगात ९ टक्के वाढ, पॉवरमध्ये २५ टक्के! ६१ वॅट आणायचे कुठून? गेल्या दोन हंगामांत, एकही आठवडा न चुकवता, माझा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी पॉवर) जेमतेम १२ वॅटनं वाढलाय. नुसत्या पायांच्या भरवशावर हे जमायचं नाही. पॉवर वाढवायची आहेच, पण जी आहे ती वाया कुठे जाते हे आधी शोधायचं.

२१ जानेवारी

मोजायचं कसं, यावर आठवडा गेला. वाऱ्याचा बोगदा, म्हणजे अंगावर हवा सोडून तिचा विरोध मोजायची प्रयोगशाळा, आपल्यासाठी नाही. रॉबर्ट चुंग यांची पद्धत मात्र पॉवर मीटर असलेल्या कुणालाही वापरता येते, आणि तिच्यातली कल्पना इतकी सुंदर आहे की इथे लिहून ठेवतो.

एखाद्या छोट्या वळशावर ब्रेक न लावता पाच-सहा फेऱ्या मारायच्या. प्रत्येक सेकंदाची पॉवर आणि वेग नोंदलेला असतो. वजन, हवेची घनता, टायरचा विरोध आणि अंदाजे सीडीए समीकरणात घातले की त्या क्षणी रस्ता किती चढाचा होता ते बाहेर पडतं. ते चढ-उतार जोडत गेलं की रस्त्याची एक 'आभासी उंची' तयार होते. आता, फेरी जिथे सुरू झाली तिथेच संपते, म्हणजे प्रत्येक फेरीच्या शेवटी उंची सारखीच यायला हवी. सीडीए चुकीचा धरला असेल तर आलेख फेरीगणिक वर चढत जातो किंवा खाली घसरतो. तो सपाट होईपर्यंत सीडीए बदलायचा. सपाट झाला की तोच आपला सीडीए.

२.४ किलोमीटरचा एक वळसा सापडलाय. पहाटे रहदारी नसते, वाराही पडलेला असतो, आणि एकाही वळणावर ब्रेक लागत नाही.

२९ जानेवारी

पहिल्या दोन चाचण्या रद्द.

एका दिवशी पॉवर मीटरचं शून्य करायला विसरलो. घरातल्या उबेतून थंडीत बाहेर काढलेला मीटर, आकडा सरकणारच. दुसऱ्या दिवशीची चूक जास्त शिकवून गेली. हँडल खाली घेतलं आणि सीडीए ३ टक्क्यांनी 'सुधारला'. आनंद झाला. मग लक्षात आलं की पहिल्या फेऱ्या १८ अंशांत मारल्या होत्या आणि दुसऱ्या, ऊन वर आल्यावर, २९ अंशांत. ११ अंशांनी तापलेली हवा साधारण पावणेचार टक्क्यांनी विरळ होते. मी दोन्हींसाठी एकच घनता वापरली होती. म्हणजे बैठकीत (सायकलवर बसायच्या ढबीत) सुधारणा शून्य, जे काही केलं ते सूर्याने.

यापुढचे नियम: तापमान आणि हवेचा दाब प्रत्येक वेळी लिहायचा. वेग चाकावरच्या सेन्सरने मोजायचा, जीपीएसने नाही. आणि प्रत्येक चाचणी जुनं-नवं-जुनं अशा क्रमाने. दुसऱ्यांदा घेतलेल्या 'जुन्या'चा आकडा पहिल्याशी जुळला नाही तर मधल्या 'नव्या'वर विश्वास ठेवायचा नाही, तो कितीही हवाहवासा असला तरी.

६ फेब्रुवारी

टायर. हे काम इतकं सोपं निघालं की आधी का केलं नाही याची हळहळ वाटते.

पंक्चर होऊ नये म्हणून जाड पट्टी असलेले टायर होते, आत नेहमीच्या ब्यूटाइल ट्यूबा, हवा ११० पीएसआय. आता पातळ, मऊ रबराचे टायर, लॅटेक्स ट्यूबा आणि ८० पीएसआय. विरोधाचा गुणांक ०.००५५ वरून ०.००४३ वर आला. ताशी ४० ला हे ११ वॅट होतात. श्वास न वाढवता!

हवा कमी करायला मन धजत नव्हतं. दगडासारखं कडक चाक हाताला वेगवान वाटतं. पण रस्ता काचेचा नसतो. खडबडीत डांबरावर कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, ती थरथर अंगात जिरते आणि तिची किंमत पायच भरतात. लॅटेक्समधून रात्रभरात हवा उतरते, तेव्हा स्पर्धेच्या सकाळी हवा भरणं आलं. हे टायर सरावाला वापरायचे नाहीत.

१४ फेब्रुवारी

बैठकीवर काम सुरू. एरोबारच्या गाद्या एकदम ४ सेंटिमीटर खाली घेतल्या, कोपरं जवळ आणली. वळशावर सीडीए ०.२४९! जुनं-नवं-जुनं सगळं चोख जुळलं. ताशी ४० ला जवळपास ४५ वॅटची बचत. संध्याकाळभर दुसरं काही सुचलं नाही.

१९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा डोळ्यांसमोर येत राहिला. व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. ग्रेग लमाँड एकूण वेळेत लोराँ फिन्योंच्या ५० सेकंदांनी मागे होता. त्याच्या सायकलला एरोबार, डोक्यावर निमुळतं हेल्मेट. फिन्यों एरोबारशिवाय, उघड्या डोक्याने, केस मागे बांधलेले. लमाँडने टप्पा मारला, त्यात फिन्योंला ५८ सेकंदांनी मागे टाकलं आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकला. सगळं एरोबारमुळे झालं असं म्हणणं अन्याय होईल, पण त्यानंतर टाइम ट्रायलला एरोबारशिवाय उतरायचं धाडस कोण करणार?

२० फेब्रुवारी

आज नव्या बैठकीत ट्रेनरवर (घरात सायकल जागेवरच चालवायचं यंत्र) २० मिनिटांचे दोन तुकडे. नेहमीच्या नाडीच्या ठोक्यांना पॉवर २१८ वॅट. पुन्हा बघितलं, २१८च. पूर्वी याच ठोक्यांना २३८ यायचे.

शेजारी ताई उभी राहून बाजूने व्हिडिओ घेत होती. तिला सायकलिंगशी काही देणंघेणं नाही, म्हणूनच तिला दिसलं ते मला दिसलं नव्हतं. "अरे, तीन मिनिटं झाली की तुझी मान वर येते. आणि गुडघा छातीला लागायला लागला की तू कमरेतून डोलतोस."

वळशावरची एक चाचणी वीसेक मिनिटांची. तेवढा वेळ मी मान घालून, दात-ओठ खाऊन बसू शकतो. तास नाही.

१ मार्च

चार वेगवेगळ्या उंचींच्या चाचण्या आणि प्रत्येकीत ४० मिनिटांचा सलग तुकडा, असे दहा दिवस गेले. दोनच बैठकी स्पर्धेत उरल्या.

सर्वांत खालची: सीडीए ०.२४९, टिकणारी पॉवर २१८. मधली (गाद्या फक्त दीड सेंटिमीटर खाली, पण हात वर तिरके): सीडीए ०.२६२, टिकणारी पॉवर २३६.

जुन्या टायरवर दोन्हींचं गणित केलं. खालची ताशी ३७.८, मधली ताशी ३८.३. चाळीस किलोमीटरला सुमारे ५० सेकंदांचा फरक, आणि तोही 'वाईट' सीडीएच्या बाजूने. शिवाय खालच्या बैठकीचा ०.२४९ हा आकडा मान खाली असतानाचा. मान वर आली की तो खरा राहतच नाही.

इतके दिवस मी एकच आकडा छोटा करायच्या मागे होतो. शोधायचं आहे ते दोन आकड्यांचं जुळणारं ठिकाण, आणि मोजायचं तासाच्या मापाने. मधली बैठक पक्की.

हात वर तिरके केल्याने फायदा कसा, हे मला आधी पटत नव्हतं. हात उंचावले की ते चेहऱ्यासमोर येतात, हात आणि हनुवटी यांच्यातली पोकळी भरते, हवा छातीवर आदळण्याऐवजी बाजूने वाहते. शिवाय कोपरांवर भार नीट बसतो आणि खांदे आपोआप आत येतात. ग्रॅम ओब्रीने १९९३ मध्ये घरी बनवलेल्या सायकलवर, हात छातीखाली दुमडून, तासाभरात सर्वांत जास्त अंतर कापायचा विक्रम ५१.५९६ किलोमीटरवर नेला. त्या बैठकीवर पुढे बंदी आली. मला त्याच्याकडून घ्यायचं ते इतकंच, की अरुंद होणं हे खाली वाकण्याइतकंच महत्त्वाचं असतं.

९ मार्च

क्रँक १७२.५ मिलिमीटरच्या जागी १६५. सीट तेवढीच, साडेसात मिलिमीटर वर, आणि थोडी पुढे. पाय वरच्या टोकाला असताना मांडी आणि पोट यांच्यात जागा उरते, श्वास मोकळा होतो. डोलणं थांबलं, हे ताईनेच सांगितलं.

१७ मार्च

गुडघ्याची पुढची बाजू दुखते. सीट एकदम १५ मिलिमीटर पुढे सरकवली आणि दुसऱ्याच दिवशी जोराचा सराव केला, ही माझी घाई. सीट ५ मिलिमीटर मागे. सहा दिवस फक्त हलकं चालवणं.

२९ मार्च

दुसरी टाइम ट्रायल. १ तास २ मिनिटं ४ सेकंद. सरासरी २३६ वॅट.

जानेवारीपेक्षा २ वॅट कमी आणि ३ मिनिटं १६ सेकंद जास्त वेगात. शेवटच्या दहा मिनिटांत २३१ वॅट होते. एकदाही उठून बसलो नाही. इतका आनंद मला आधी कुठल्याच स्पर्धेनंतर झाला नव्हता.

८ एप्रिल

आता पायांकडे. आठवड्यात दोनच कठीण दिवस, बाकी हलकं.

एका दिवशी २० मिनिटांचे दोन तुकडे, २४० वॅटवर, पूर्ण वेळ एरोबारवर. दुसऱ्या दिवशी वर-खाली: दोन मिनिटं २३० वर, एक मिनिट २६५ वर, असं न थांबता १२ मिनिटं, मग विश्रांती, असे तीन संच. त्या वरच्या मिनिटात पायांत जळजळ साठते आणि खालच्या दोन मिनिटांत, न थांबता, ती निवळायला शिकायचं असतं. रस्त्यावरच्या प्रत्येक लहान चढावर नेमकं हेच घडतं.

नियम एकच आणि तो मोडायचा नाही: कठीण तुकडा एरोबारवरच्या बैठकीतच. हात वर घेऊन मारलेले २६० वॅट वहीत छान दिसतात, स्पर्धेत ते हजर होत नाहीत. मानेसाठी रोज संध्याकाळी दहा मिनिटं, पालथं झोपून डोकं उचलून धरायचा व्यायाम.

रस्त्यावर मात्र मान खाली घालून डोळे जमिनीला लावायचे नाहीत. नजर भुवयांखालून समोर. रस्त्यावर थांबलेलं वाहन एखादा सेकंद उशिरा दिसणं, याची किंमत कुठल्याच वेळेत मोजता येत नाही.

१९ एप्रिल

कपडे आणि बारीकसारीक. जर्सीऐवजी अंगाला चिकटून बसणारा स्किनसूट, बुटांवर आवरणं, बाटली दोन हातांच्या मध्ये. पाठीवरचा स्पर्धकाचा क्रमांक सुट्ट्या पिनांवर फडफडायचा, आता चारी बाजूंनी घट्ट. लांब शेपटीचं हेल्मेट आणून बघितलं, पण मी मान खाली घातली की शेपटी आभाळाकडे जाते. आखूड शेपटीचंच माझ्यावर चांगलं ठरलं. सगळं मिळून सीडीए ०.२५२.

चेन रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, वितळलेल्या मेणात बुडवली. वॅट-दोन वॅट असतील, माझ्या पद्धतीने ते मोजता येणार नाहीत. पण चेनचा आवाज आता येत नाही.

४ मे

वाऱ्याबद्दल. जाऊन-येऊन मार्गावर 'जाताना जे गेलं ते येताना मिळेल' असं आम्ही सगळेच बोलतो, आणि ते चूक आहे. २० किलोमीटर ताशी ३६ ने जायला ३३ मिनिटं २० सेकंद, तेवढंच ताशी ४४ ने यायला २७ मिनिटं १६ सेकंद. बेरीज ६० मिनिटं ३६ सेकंद, जरी ३६ आणि ४४ ची सरासरी ४० दिसत असली तरी. वाऱ्याविरुद्ध आपण जास्त *वेळ* असतो, तिथे वाढवलेला वेग जास्त वेळ कामी येतो. म्हणून समोरच्या वाऱ्यात थोडं जास्त जोर, पाठच्या वाऱ्यात थोडं कमी. थोडं म्हणजे थोडंच: ठरवलेल्या पॉवरच्या दोन-तीन टक्के. त्याहून जास्त केलं तर जानेवारीच झाला.

संयमाचा विषय निघाला की मला ब्रिटिश सायकलपटू बेरिल बर्टन आठवतात. १९६७ मध्ये त्यांनी १२ तासांच्या टाइम ट्रायलमध्ये २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर कापले. तो आकडा त्या वेळच्या पुरुषांच्या विक्रमाच्याही पुढे होता. वाटेत पुरुषांत आघाडीवर असलेल्या माइक मॅक्नमाराला गाठून पुढे जाताना त्यांनी त्याला एक गोड गोळी खायला दिली. बारा तास चाललेल्या अंगात तेवढी उसंत शिल्लक होती! मला एकच तास सांभाळायचाय.

१६ मे

सराव अर्ध्यावर आणला. तुकडे लहान, जोर तोच. झोप वाढवली.

२५ मे

१ तास ० मिनिटं ४ सेकंद.

जाताना समोरून वारा. पहिली पाच मिनिटं मुद्दाम २४५ च्या वर जाऊ दिली नाहीत. पाय ओरडून सांगत होते की आणखी आहे, मी ऐकलं नाही. जाताना ३१ मिनिटं ३६ सेकंद, २५२ वॅट. येताना २८ मिनिटं २८ सेकंद, २४० वॅट. सरासरी २४६. तिसाव्या किलोमीटरनंतर प्रत्येक श्वास मोजून घेतला. शेवटचे तीन किलोमीटर कसे गेले ते खरंच आठवत नाही, फक्त समोरची पांढरी पट्टी आठवते.

रेषेपलीकडे ताई घड्याळ घेऊन उभी होती. तिने काही न बोलता ते माझ्यासमोर धरलं. आज यापुढे काही लिहवत नाही.

२७ मे

दोन दिवसांनी आलेख उघडला. पॉवर सरळ रेषेत. बैठक शेवटपर्यंत टिकली. चार सेकंद कुठे गेले?

परतीच्या वळणावर. वळायच्या जागी ठेवलेल्या शंकूच्या आधीचे २०० आणि नंतरचे २०० मीटर, असे ४०० मीटर वेगळे काढले. ताशी ४० ने ते ३६ सेकंदांचे. मला लागले ५०. पॅडल मारणं फार लवकर सोडलं, लांबून हळूहळू ब्रेक लावत आलो, वेग ताशी ९ पर्यंत पडला, आणि बाहेर पडताना जड गिअरमध्ये उभं राहून सायकल रेटली. पाच महिने एकेक वॅट मोजला, आणि वळण एकदाही मोजलं नाही.

३ जून

रिकाम्या मैदानात पाण्याच्या दोन बाटल्या ठेवून वळण. रस्त्याइतकीच रुंदी आखून घेतली. बाहेरच्या कडेने शिरायचं, उशिरा आणि जोरात ब्रेक, वळायच्या आधीच गिअर हलका, आतला पाय वर, नजर बाटलीवर नाही तर जिथून बाहेर पडायचं तिथे. बाहेर पडताना पॅडलच्या दहा-बारा जोरकस फेऱ्या आणि लगेच एरोबारवर.

पहिल्या पाच वेळा: ५०, ४९, ५१, ४९, ४८. मध्ये एकदा मागचं चाक घसरलं, पडलो नाही. उजवीकडे वळताना मी घाबरतो, डावीकडे नाही. उजवीकडची वीस वळणं वेगळी मारली.

शेवटच्या पाच वेळा: ४७, ४६, ४६, ४५, ४६.

पुढची स्पर्धा २२ जूनला. मार्ग तोच, वळण उजवीकडे. तोपर्यंत एक दिवसाआड तीस वळणं.